बाहेरून बसवलेला मागचा शॉकअप रिबिल्ड करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडून आमच्या गॅरेजला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : "शॉकअप लीक झालाय, सील बदलायचं किती घेता?" सीलची किंमत सांगायला वेळ लागत नाही. पण ते सील कशानं गेलं हे शोधलं नाही तर नवीन सीलही पुढच्या पावसाळ्यात जातं. म्हणून हे पान जरा लांबलंय. विषय मुख्यतः मोटारसायकलला बाहेरून विकत घेऊन बसवलेल्या शॉकअपचा आहे : वायएसएस, ओहलिन्स, विल्बर्स, हायपरप्रो, नायट्रॉन, बिटुबो वगैरे. गाडीवर कंपनीकडूनच आलेल्या शॉकअपचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

रिबिल्ड म्हणजे तुम्ही नक्की काय करता?

शॉकअप पूर्ण खोलतो. आधी गॅस सोडायचा, मग स्प्रिंग उतरवायची, सील हेड, म्हणजे सील बसलेलं झाकण, काढायचं आणि रॉड पिस्टनसकट बाहेर घ्यायचा. जुनं तेल ट्रेमध्ये ओतलं की निम्मी कहाणी तिथेच कळते. नवीन तेल पारदर्शक असतं. चार-पाच वर्षं न उघडलेल्या शॉकअपमधून राखाडी, चंदेरी झाक असलेलं, जळका वास मारणारं तेल निघतं. ती झाक म्हणजे आतल्या ॲल्युमिनियमची आणि पिस्टनवरच्या टेफ्लॉन पट्टीची झीज. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय.

मग सगळं धुऊन प्रत्येक भाग तपासतो. रॉड सरळ आहे का, त्यावर खड्डे आहेत का, नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर रेघा आहेत का, सील हेडमधलं बुश एका बाजूनं खाल्लं गेलंय का. रॉडचं सील, धूळ अडवणारं वायपर सील, सगळ्या ओ-रिंगा आणि पिस्टनची पट्टी नवीन. बुश झिजलं असेल तर तेही. तेल भरून आतली हवा पूर्ण काढतो, तेल आणि गॅस वेगळे ठेवणारा फ्लोटिंग पिस्टन ठरलेल्या खोलीवर बसवतो आणि शेवटी नायट्रोजन भरतो. हवा काढण्याच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ आणि संयम लागतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तेच काम दिसत नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पिस्टनला तिथे तेल सापडत नाही. मग तेवढ्या हालचालीत शॉकअप काहीच करत नाही.

रिबिल्ड आणि रीव्हॅल्व्ह एकच का?

नाही. रिबिल्डमध्ये शॉकअप जसा होता तसा परत येतो. रीव्हॅल्व्हमध्ये पिस्टनवरच्या पातळ स्टीलच्या चकत्यांची, म्हणजे शिमची, रचना बदलून त्याचा स्वभाव बदलतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही आधी रिबिल्डच करायला सांगतो. मेलेल्या तेलावर चालवून "शॉकअपच मऊ आहे" असं ठरवलेले बरेच जण रिबिल्डनंतर रीव्हॅल्व्हचा विषय काढत नाहीत.

शॉकअप गेलाय हे ओळखायचं कसं?

रॉडवर तेलाचा अगदी पुसट थर असणं चांगलं. सील कोरडं चालत नाही, थोडं तेल ते रॉडवर सोडतंच. त्या थराला धूळ चिकटून कडं तयार होत असेल, खालच्या बुशपर्यंत ओघळ आला असेल किंवा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर थेंब दिसत असतील, तर ती गळती.

दुसरी खूण गाडीच्या वागण्यात दिसते. आमच्याकडे येणारे म्हणतात, "मागनं गाडी नुसती नाचूलालीय." याचा अर्थ रिबाऊंड गेलाय. स्प्रिंग दाबली जाते आणि तिला परत येताना अडवणारं कोणी उरत नाही. गाडी सरळ धरून सीटचा मागचा भाग जोरात दाबा आणि सोडा. एकदाच वर येऊन थांबली तर ठीक. झटकन उसळून वर आली किंवा वर-खाली झुलत राहिली तर तेल, गॅस किंवा दोन्ही गेलंय. रिबाऊंडचा क्लिकर, म्हणजे टिकटिक करत फिरणारा ॲडजस्टर, असेल तर तो एकदा पूर्ण उघडा आणि एकदा पूर्ण बंद ठेवून हीच चाचणी करा. दोन्हींत फरक जाणवला नाही तर आत डॅम्पिंग, म्हणजे उसळी अडवण्याची ताकद, उरलेलं नाही.

तिसरी खूण चोर्ला घाटात सापडते. जांबोटी सोडेपर्यंत गाडी छान चालते, आणि खराब पट्ट्यावर वीसेक मिनिटं झाली की मागची बाजू वळणात डोलायला लागते. थांबून चहा घेतला की पुन्हा ठीक. तेल तापून पातळ झालं किंवा त्यात गॅस मिसळला की हेच होतं. हलवलेल्या सोड्याच्या बाटलीत जसा फेस होतो तसा आत होतो, आणि फेसातून पिस्टन अडथळ्याविना सरकतो. थंड झाल्यावर फेस बसतो, म्हणून गॅरेजला आणेपर्यंत दोष गायब झालेला असतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवतो, दाखवायला लावत नाही.

तेल कुठेच दिसत नाही, तरी मागची बाजू बसल्यासारखी वाटते. का?

गॅस कमी झाला असेल. आतला दाब रॉडला सतत बाहेर ढकलत असतो. १० बार दाब आणि १४ मिमीचा रॉड असेल तर तो जोर साधारण १५ किलो येतो, १६ मिमीच्या रॉडला २० किलोच्या आसपास. गॅस गेला की स्प्रिंगला मिळणारी ही मदत जाते आणि गाडी किंचित खाली बसते. पण खरं नुकसान वेगळंच आहे. दाब नसला की पिस्टन वेगानं सरकताना त्याच्या मागे पोकळी तयार होते, आणि डॅम्पिंग नेमकं गरजेच्या वेळी हुकतं.

गॅस दोन वाटांनी जातो. व्हॉल्व्हमधून बाहेर, किंवा फ्लोटिंग पिस्टनची ओ-रिंग ओलांडून तेलात. दुसऱ्या प्रकारात बाहेर काहीच दिसत नाही, आणि वरून गॅस भरूनही उपयोग होत नाही. शॉकअप उघडावाच लागतो.

खड्ड्यात टक-टक आवाज येतो, शॉकअपच गेला ना?

बऱ्याचदा नाही. आधी वरचं-खालचं बुश किंवा गोल बेअरिंग, मग लिंकेजच्या, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्म जोडणाऱ्या सांध्यांच्या, बेअरिंगा बघा. हिमालयन ४११ ला लिंकेज आहे आणि पावसाळ्यानंतर त्यात ग्रीसच्या जागी गंज सापडतो. केटीएम ३९० ॲडव्हेंचरला लिंकेज नाही, तिथे शॉकअपचं टोकच तपासायचं. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागचं चाक हातानं अलगद वर उचला. सुरुवातीला थोडा मोकळा खेळ लागला तर दोष या सांध्यांत.

किती किलोमीटरला रिबिल्ड करावं?

डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला १५ ते २० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. महिन्यातून दोनदा आंबोली किंवा चोर्ला करणाऱ्यानं, शेतवाटांवर चालवणाऱ्यानं वर्षाला एकदा. आमचा अनुभव याहून सोपा नियम सांगतो : पाऊस संपला की एकदा रॉड पुसून उजेडात बघा. शॉकअप बसवल्यापासून कधीच उघडला नसेल आणि घेतल्याची तारीखही आठवत नसेल, तर वेळ झालेली आहे.

आमच्या भागात सील इतकी लवकर का जातात?

जाण्याचं एक मोठं कारण माती, आणि इथे ती दोन तऱ्हेची आहे. खानापूरपासून जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची तांबडी माती. पावसात तिचा बारीक गाळ होतो, रॉडवर बसतो आणि उन्हात वाळून खरखरीत थर बनतो. गाडी खड्ड्यात दबली की तोच थर वायपर सीलवर घासतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी माती. ती चिकट, मडगार्डच्या आत गोळाच बसतो आणि शॉकअपचा खालचा भाग कित्येक दिवस ओला ठेवतो. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी केलेल्या चाकोऱ्या आणि बिनरंगाचे गतिरोधक. तिथे शॉकअप तळाला आपटतो, आपटी झेलणाऱ्या बंपस्टॉपचे तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा सीलपाशीच जमतात.

पण मातीपेक्षा जास्त सील वॉशिंग सेंटरवर मेलेली आम्ही बघतो. प्रेशरच्या फवाऱ्याचं तोंड रॉडजवळ नेलं की पाणी आणि गाळ वायपरच्या ओठाखालून आत जातो. आत गेलेली माती बाहेर येत नाही. वायपर आणि मुख्य सील यांच्यामध्ये ती बसते आणि प्रत्येक धक्क्याला रॉडवर पॉलिश पेपरसारखी फिरते. धुणाऱ्या पोराला स्पष्ट सांगा, शॉकअपवर फवारा नको, साध्या पाइपचं पाणी आणि कापड पुरे.

चाक आणि शॉकअपच्या मध्ये रबरी फ्लॅप लावा. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन केबल टाय एवढ्यात होतं. महागड्या फ्लॅपनं वेगळं काही होत नाही. कापडी किंवा निओप्रीनच्या कव्हरबद्दल आमचं मत वाईट आहे. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात आत शिरलेला गाळ ते ओला धरून ठेवतं. लावणारच असाल तर जूनच्या आधी काढून ठेवा.

रॉडवर ओरखडा पडलाय. रॉड बदलावा लागेल?

ओरखडा कुठे आहे आणि नखाला लागतो का, हे दोन प्रश्न. सील जिथवर पोचतच नाही अशा टोकाला असेल तर दुर्लक्ष करा. सीलच्या वाटेवर असेल पण नखाला लागत नसेल, तर कडा ऑइल स्टोननं मारून, बारीक पेपरनं रॉडच्या गोलाईनं पॉलिश करून भागतं. रॉडच्या लांबीच्या दिशेनं पेपर मारू नका, तेलाला बाहेर यायला त्याच रेघांची नाली होते. नख अडकत असेल किंवा क्रोमखालून गंजाचे ठिपके वर आले असतील तर नवीन सील काही दिवसांत फाटणार. त्या रॉडवर सील बसवून द्या असं कोणी कितीही म्हटलं तरी आम्ही देत नाही.

अशा वेळी दोन वाटा. कंपनीचा नवीन रॉड मागवायचा, किंवा जुनाच रॉड घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यायचा. बेळगावकरांचं नशीब असं की उद्यमबाग या औद्योगिक भागात आणि आसपास हायड्रॉलिक सिलिंडरची कामं पिढ्यान् पिढ्या चालतात, त्यामुळे ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोम जाणणारे लोक इथेच आहेत. तरी एक अडचण येते. त्यांची रोजची कामं जाडजूड रॉडांची. शॉकअपचा रॉड १२, १४ किंवा १६ मिमीचा, अनेकदा आतून पोकळ, कारण रिबाऊंडची सुई त्यातूनच जाते. जुनं क्रोम काढताना, घासताना तो वाकला किंवा मापाखाली गेला तर संपलं. म्हणून काम देताना शेवटचं माप कागदावर लिहून द्यायचं, आणि क्रोमनंतर पुन्हा ग्राइंडिंग करून तेच माप यायला हवं हे आधी ठरवायचं. "क्रोम मारून द्या" एवढंच सांगितलं तर चकचकीत रॉड मिळतो, पण तो सीलमधून जात नाही.

उद्यमबागेत त्याच मापाचं हायड्रॉलिक सील मिळतं. आणून देऊ का?

हा प्रश्न फक्त बेळगावातच येतो, आणि तो चुकीचा नाही. ओ-रिंगांपुरतं उत्तर हो : माप आणि मटेरियल बरोबर असेल तर चालतं. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं, व्हायटन त्याच्या बरंच पुढे.

रॉडच्या मुख्य सीलला मात्र नाही. कारखान्यातल्या प्रेसचा रॉड संथ सरकतो, दाब प्रचंड असतो, आणि सील त्याला घट्ट आवळून धरण्यासाठी बनवलेलं असतं. शॉकअपचा रॉड गतिरोधकावर क्षणात आत जाऊन बाहेर येतो, तेही दिवसातून हजारो वेळा. तिथे घट्ट सील बसवलं तर गळती थांबते, पण घर्षण इतकं वाढतं की बारीक खडीवर शॉकअप हलतच नाही. गाडीवाला येऊन सांगतो की गळती गेली पण कंबर गेली.

तेल कोणतं टाकता? फोर्कचं तेल चालेल?

शॉकअपसाठीचंच. ते पातळ असतं, ४० अंशांना साधारण १० ते २० सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचं माप), आणि तापल्यावर त्याचा पातळपणा फार बदलू नये म्हणून व्हिस्कॉसिटी इंडेक्स जास्त लागतो. मागचा शॉकअप फोर्कपेक्षा जास्त तापतो, कारण तेल थोडं, शेजारी इंजिन-सायलेन्सरची ऊब आणि वाऱ्याची आड. डब्यावरच्या '५ डब्ल्यू' या आकड्यावर जाऊ नका. दोन कंपन्यांचं ५ डब्ल्यू एकसारखं नसतं, सेंटिस्टोक्सचा आकडा बघावा.

इथली जुनी सवय म्हणजे कारखान्यातलं हायड्रॉलिक तेल. त्याच्या नावातला आकडाच ४० अंशांचे सेंटिस्टोक्स सांगतो. ३२ नंबरचं घेतलं तर हवं त्याच्या दीडपट ते तिप्पट दाट, आणि ६८ नंबरचं म्हणजे रॉड जवळजवळ बांधून ठेवल्यासारखंच.

पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरतात, तिथे भरून घेऊ?

नको. टायरला ३०-४० पीएसआय लागतात. शॉकअपला कंपनीनुसार साधारण ७ ते १२ बार, म्हणजे १०० ते १७५ पीएसआयच्या आसपास. पंपावरचं यंत्र टायरपुरतं असतं. आम्ही सिलिंडर आणि रेग्युलेटर लावून भरतो.

आणि दाब "चेक" करायलाही जाऊ नका. शॉकअपच्या डब्यातली गॅसची जागा इतकी लहान असते की साधा टायर गेज टेकवला तरी होज भरण्यातच बराच दाब निघून जातो. आधी बरोबर असलेला शॉकअप चेक केल्यामुळे कमी दाबाचा होऊन येतो.

नुसती हवा का नाही भरत? हवेतही नायट्रोजनच जास्त असतो.

असतो, पण सोबत ऑक्सिजन आणि आपल्या पावसाळ्यातली ओल पण असते. ओल तापली की दाब हेलकावे खातो, आतून गंज येतो, आणि ऑक्सिजन तेल लवकर खराब करतो. कोरडा नायट्रोजन यातलं काही करत नाही.

व्हिडिओ बघून घरी उघडता येईल का?

डोकं आणि हात दोन्ही चालत असतील तर बरंच करता येतं, पण तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, गॅस. शॉकअपमध्ये दाब असताना सर्क्लिपला, म्हणजे आतले भाग अडवून धरणाऱ्या रिंगला, हात लावायचा नाही. व्हॉल्व्ह स्वतःपासून, इतरांपासून दूर, भिंतीकडे करून हळू सोडायचा. गॅसबरोबर तेलाचा फवारा येऊ शकतो, चष्मा लावा. फुस्स आवाज थांबला म्हणजे दाब संपलाच असं धरू नका. फ्लोटिंग पिस्टन अडकलेला असला तर मागे दाब राहतो आणि टोपी काढताक्षणी ती उडते. ज्याला व्हॉल्व्हच नाही, अशा बंद शॉकअपला ड्रिल मारून गॅस सोडण्याचे व्हिडिओ आहेत. ते बघा, करू नका.

दुसरं, स्प्रिंग. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग पूर्ण सैल केल्यावरही स्प्रिंग ताणात असते. कंप्रेसर नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या. दोरीनं बांधून, दोघांनी उभं राहून दाबून स्प्रिंग काढणारे आम्हाला माहीत आहेत, आणि त्यांच्या हनुवटीवरच्या खुणाही.

तिसरं, शिम. पिस्टनचा नट सोडला की चकत्या क्रमानं आणि त्याच बाजूनं तारेत ओवून ठेवा. एक चकती उलट-सुलट झाली की शॉकअप दुसराच होतो.

हे सगळं जमलं तरी नायट्रोजनसाठी कोणाकडे तरी यावंच लागतं. भरून देऊ. पण आत काय बसवलंय ते आम्ही पाहिलेलं नसल्यामुळे त्या कामाची हमी आमची नाही.

गाडीबरोबर कंपनीचा आलेला शॉकअप रिबिल्ड होतो का?

बहुतेकांचं तोंड मुडपून कायमचं बंद केलेलं असतं. कापून, आटे पाडून, व्हॉल्व्ह बसवून ते उघडण्याजोगे करता येतात, पण तेवढ्या मजुरीत नवीन मिळत असेल तर कशाला? बाहेरचा शॉकअप घेताना मात्र हे आधीच विचारा : सील किट सुटं मिळतं का? ज्याचं किट मिळत नाही तो शॉकअप कितीही देखणा असला तरी वापरून फेकायचाच.

ऑनलाइन स्वस्तात घेतलेला, पिवळ्या स्प्रिंगचा आहे. करून द्याल?

आधी बघतो. पिवळी स्प्रिंग आणि ओहलिन्सचं स्टिकर असलेला प्रत्येक शॉकअप स्वीडनचा नसतो, बाजारात नकला भरपूर आहेत. जोडीच्या स्वस्त शॉकअपमध्ये तर बाजूचा गॅसचा डबा नुसता शोभेचा निघालेला पाहिलाय, आत वाटच नाही. नकली असेल तर तसं सांगतो. सील मापानं जुळवून करता येत असेल तर करतो. विकणाऱ्याशी भांडण तुमचं तुम्ही करायचं.

उघडताय तर स्प्रिंग पण बदलावी का?

स्प्रिंग सहसा झिजत नाही. प्रश्न ती तुमच्या वजनाची आहे का, हा आहे, आणि तो शॉकअप सोडण्यापूर्वी घरीच टेप लावून सोडवता येतो. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मोजा. मग नेहमीचं जॅकेट, बूट घालून तुम्ही बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे रायडर सॅग. तो चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे वर-खाली हालचालीच्या, पाव ते एक तृतीयांश असावा. हिमालयन ४११ चा मागचा ट्रॅव्हल १८० मिमी, म्हणजे ४५ ते ६० मिमी.

प्रीलोड घट्ट करून रायडर सॅग बरोबर येतो, पण गाडी स्वतःच्या वजनावर अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती नुसती आवळून ठेवलीये. उलट, रायडर सॅग बरोबर असताना गाडी एकटीच खूप बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे.

वजन सांगताना खरं सांगा. बायको मागे, दोन बॅगा आणि टॉप बॉक्स घेऊन सौंदत्तीला जाणारा माणूस फोनवर स्वतःचंच वजन सांगतो, तेही लग्नाच्या वेळचं.

दोन शॉकअपच्या गाडीचा एकच लीक आहे. एकच करू?

दोन्ही करा. एका बाजूला ताजं तेल आणि दुसऱ्या बाजूला थकलेलं असलं की स्विंगआर्मला पीळ बसतो.

खर्च किती?

उघडल्याशिवाय पक्का आकडा देत नाही, आणि फोटो बघून जो देतो त्याच्यापासून जपून राहा. बिलात मजुरी, सील किट, तेल, नायट्रोजन आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी. रॉड क्रोम, बुश, बेअरिंग लागलं तर ते वेगळं, आणि करण्याआधी फोन. युरोपियन कंपन्यांच्या किटला आयातीचा खर्च आणि वाट पाहणं दोन्ही आहे, थायलंडच्या वायएसएसचं तुलनेनं सोपं. एकूण खर्च नव्या शॉकअपच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर आम्हीच सांगतो, नवीन घ्या.

किती दिवस लागतात? तोवर गाडी कशी चालवू?

किट हातात असेल तर दोन दिवसांत होतं. सगळा वेळ किट येण्यात जातो, म्हणून शॉकअप सोडण्याआधी मॉडेल नंबर पाठवा आणि किट आल्यावरच शॉकअप काढा. वायएसएसच्या अंगावरचा एमझेड किंवा आरई असा कोड डॅशनंतरच्या आकड्यासकट लागतो. तोवर जुना कंपनीचा शॉकअप चढवा. नवीन बसवताना जुना भंगारात किंवा एक्स्चेंजला देऊ नका, हे दुकानदार सांगणार नाही.

निपाणीहून, गोव्याहून पार्सलनं पाठवला तर चालेल?

चालेल. पाठवण्याआधी क्लिकर पूर्ण आत फिरवत किती क्लिक होतात ते मोजून लिहा, शेवटाला जोर लावू नका. स्प्रिंगची बसवलेली लांबी मोजा. बुशमधले कॉलर आणि वॉशर काढून घरी ठेवा, वाटेत तेच हरवतात. रॉडभोवती कापड, वर प्लॅस्टिक, मग जाड पुठ्ठा. आत गॅसचा दाब असल्यामुळे विमानाच्या कुरिअरला अडतं, रस्त्यानं जाणारं निवडा किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पाठवा. सोबत कागदावर "दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही" असं लिहून सही करा, आणि नाव, गाडी, वजन, तक्रार. पत्ता मराठीत लिहा की कन्नडमध्ये, पोचतो. फोन नंबर मात्र मोठ्या आकड्यांत.

रिबिल्ड होऊन आल्यावर काय करायचं?

क्लिकर आम्ही लिहून दिलेल्या जागी असतो. लगेच जुन्या जागेवर नेऊ नका. थकलेल्या तेलाला सांभाळायला तुम्ही तो हळूहळू बंद करत नेलेला असतो, ताज्या तेलाला तो फार कडक होतो. सॅग पुन्हा मोजा. शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट आणि प्रीलोडची लॉक रिंग तपासा आणि रॉड एकदा पुसा. पहिल्या दिवसांत बारीक तेलाचा थर येतो, तो पुसल्यावर परत ओघळ झाला तर फोन करा.

गणपतीच्या आधी मिळेल का?

ऑगस्टमध्ये सगळेच हा प्रश्न विचारतात. जूनमध्ये विचारणाऱ्याला मिळतो.

काढलेले जुने भाग परत देता का?

हो, पिशवीत घालून, न मागताही. सीलचा ओठ कुठे फाटलाय ते तुम्हीच बोट फिरवून बघा. जुनं तेल तेवढं आम्ही ठेवून घेतो, ते वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे जातं.